कावळ्याला दिलेला शब्द

प्रिय ताई,

आज लिहायला बसलेय ती रडायला नाही. रडून झालंय. आज मला शिसारी आलीय, आणि ती तुझ्याशिवाय या घरात कोणाला नीट कळणार नाही. ठाण्याच्या लॅबमधल्या तुझ्या सरांनी तुझा पेपर पाठवलाय. तू नाहीस, म्हणून तुझं नाव छापायला घरच्यांची संमती हवीय.

दहाव्याला खडवलीला नदीवर काय झालं, ते तुला कोण सांगणार? पिंड ठेवले, पण कावळे झाडावरून हलेनात. मामा म्हणाला, "पोरीचं लग्न राहिलं ना, त्यात जीव अडकलाय." मेल्यावरही तेच, बघ! मग सर पुढे झाले, हात जोडून मोठ्याने म्हणाले, "तुझं संशोधन मी छापून आणतो. पहिलं नाव तुझंच." आणि कावळा उतरला! "शिवला, शिवला" म्हणत सगळ्यांनी हुश्श केलं. आईने तर सरांना वाकून नमस्कार केला.

आता तो पेपर. तुझं गणिती मॉडेल तू मला आपल्या डोंबिवलीच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना शिकवलंस, आठवतं? "पेशी जंतू गिळते, त्याचे तुकडे करते आणि ते आपल्या अंगावर बाहेर टांगते. पहाऱ्यावरच्या पेशींनी ते बघून शत्रू ओळखायचा. आता सांग, चिमटा सैल असेल तर?"

"खालच्या काकूंच्या गॅलरीत!"

"तेच गणितात घालायचंय. टांगले किती हे कोणीही मोजेल गं. कोणी बघेपर्यंत टिकले किती?"

सरांनी समीकरणातलं नेमकं तेच, गळतीचं पद उडवलंय, ताई! 'सुटसुटीतपणासाठी', म्हणे. त्यांच्या मॉडेलमध्ये आता काही गळतच नाही. लसीसाठी त्यांनी निवडलेला तो लाडका तुकडा, जो तुझ्या गणितात लगेच गळून पडायचा, तो आता ऐटीत लटकतोय. आलेख कसा देखणा आलाय! आणि त्याच्या डोक्यावर तुझं नाव. जिवंतपणी तू हो म्हणाली नाहीस, म्हणून मेल्यावर तुझ्याकडून हो म्हणवून घेतायत. किती घाणेरडं आहे हे!

आणि तू तरी काय गं? "सर ऐकतील हळूहळू" म्हणत बसलीस. टीव्हीच्या रिमोटवरून माझ्याशी केवढी भांडायचीस! तिथे का नाही भांडलीस?

मी फोन केला. "अगं मंजिरी, छोटीशी टर्म आहे, कोण बघतंय? आणि तुझ्या आईंसमोर शब्द दिलाय मी. कावळासुद्धा शिवला." त्यांचा तो मऊ, तुपाळ आवाज! फोन ठेवून मी खरंच साबणाने हात धुतले.

भीती होती ती आईची. तू सुटलीस ती त्या शब्दामुळे, असं तिला वाटतं. मी नाही म्हटलं तर तू पुन्हा अडकलीस म्हणून ती आयुष्यभर झुरेल. तरी सांगितलं, पार चिमट्यापासून. तिने गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीकडे बघितलं.

"म्हणजे त्या माणसाने कावळ्याला फसवलं?"

"हो."

"मग काढ तिचं नाव. खोट्यावर सुटलेली नकोय मला माझी पोर."

उद्या सकाळी मी कळवणार आहे: ते पद परत घाला, नाहीतर नाव काढा. सर नावच काढतील, मला माहीत आहे. मग इतकी वर्षं राबून तुझं नाव कुठेच छापलेलं नसेल. याचं मला फार वाईट वाटतं, ताई. पण तुझं गणित मी कल्याणच्या माझ्या कॉलेजात शिकवीन, गळणाऱ्या तुकड्यांसकट, आणि फळ्यावर वर तुझं नाव लिहीन. वर्षश्राद्धाला खडवलीला जाऊ, तेव्हा हाच शब्द देईन. कावळा लगेच आला नाही तरी चालेल. आई म्हणते, ती डबा घेऊन बसून राहील.

तुझीच,
मंजू