रुळावरच्या बुढ्याचं खरं साल

शहापूर,
सोमवार, दुपार

प्रिय भैयाजी यास,

शहापूरहून धनंजयचा रामराम पोचावा, आणि पोचल्यावर तो तुमसरच्या गाडीनं परत पाठवला जाऊ नये. सात वर्षांच्या अबोल्यानंतर तुला 'तू' लिहावं की 'तुम्ही', याचा मी सकाळपासून विचार केला. शेवटी ठरवलं की तूच लिहावं, कारण 'तुम्ही' लिहिलं तर रुखमिणीवहिनींना वाटेल की कुठल्या तरी कार्यालयाची नोटीस आली. तुझा उजवा गुडघा आता आंबागडच्या किल्ल्याकडे नुसतं पाहिलं तरी दुखतो, असं कैलाश कंडक्टर सांगत होता. (मी विचारलं नव्हतं. त्यानं आपणहून सांगितलं. मी फक्त त्याला दोनदा चहा पाजला.) तुमच्याकडे लवकरचा हलका धान कापणीला आला असेल आणि रानडुकरांनी तुझ्या धानाच्या बांध्या तेवढ्या सोडल्या असतील अशी आशा आहे. मी आणि निर्मला, आम्ही दोघं खुशाल आहोत. मला जरा घाम फार येतो, पण हा आश्विनातला उकाडा आहे, दुसरं काही नाही.

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की आपल्या पैजेचा निकाल येत्या गुरुवारी लागणार आहे, आणि प्रतिपक्षाला आगाऊ कळवणं हे माझं कर्तव्य आहे. मोजणी खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस शेजारच्या शेतकऱ्याला सूचना दिल्याशिवाय बांधावर साखळी टाकत नाही, हे तू जाणतोस. पैज तुला आठवत असेलच, पण वयोमानानं विसरला असशील तर लिहून ठेवतो. खाणीवरचा तो गोरा इंजिनिअर देश सोडून गेला तेव्हा त्याची पत्र्याची पेटी आपण दोघांनी घेतली. पेटीतल्या बेचाळीस ब्लूजच्या रेकॉर्डी माझ्या वाट्याला आल्या आणि प्लेअर तुझ्या. (ही वाटणी कोणी केली देव जाणे. बैल एकाला आणि गाडी दुसऱ्याला दिल्याचा प्रकार झाला.) म्हणून चाळीस वर्षं मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मांडीवर रेकॉर्डी घेऊन एसटीनं आंबागडला येत राहिलो, आणि तू दर वेळी म्हणत राहिलास की ह्या अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं गाणं आणि आपल्या धानाच्या रोवण्यातल्या बायांचं गाणं एकाच चिखलातून निघालं आहे. त्यातली जी सर्वात लाडकी, कव्हरवर रेल्वेच्या रुळावर गिटार घेऊन बसलेला म्हातारा असलेली, आपण जिला 'रुळावरचा बुढा' म्हणतो, तिच्यावर साल छापलेलं नाही. मी म्हटलं १९५९. तू म्हटलंस १९६२. ज्याचं साल खोटं ठरेल त्याची वस्तू दुसऱ्याची. मी हरलो तर बेचाळीस रेकॉर्डी तुझ्या, तू हरलास तर प्लेअर माझा.

तुझ्याकडे पुरावा काय होता, तर इंजिनिअर एकदा बोलून गेला की ही रेकॉर्ड त्यानं लग्नाच्या वर्षी घेतली, आणि लग्न बासष्टचं. भैयाजी, तोंडी साक्षीवर विश्वास ठेवला असता तर ह्या जिल्ह्यातले निम्मे बांध दरवर्षी फूटभर सरकले असते. मी वस्तू पाहतो. रेकॉर्ड जाड आहे, तळहातावर वजन जाणवतं. लेबलाभोवती नखाला लागेल अशी खोल गोल खाच आहे, जी नंतरच्या रेकॉर्डींना राहिली नाही. कव्हरचा पुठ्ठा वहीच्या पुठ्ठ्याच्या दुप्पट. शेवटचं गाणं संपल्यावर जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यात कोणी तरी हातानं कोरलेले आकडे आहेत आणि त्यातला सात आपल्या तलाठ्यासारखा मधे काट मारलेला आहे. हे सगळं एकोणसाठकडे बोट दाखवतं. उरला तो लेबलाच्या काठावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेला कंपनीचा पत्ता. कंपन्या जागा बदलतात, पत्त्यावरून साल निघतं, म्हणून त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तू आलास तेव्हा तो वाचायचं ठरलं. वीज गेलेली होती. तू म्हणालास सकाळी उजेडात वाचू, आणि मुक्कामाला शहापुरातच तुझ्या मावशीकडे गेलास.

सकाळी काय झालं ते तू पाहिलंस. दसऱ्याची हत्यारांची पूजा आमच्याकडे रीतसर होते. माझी मोजणीची साखळी, भिंग, घरातले विळे पाटावर मांडतात, आणि रेकॉर्डी हेच माझं उरलेलं हत्यार म्हणून रुळावरचा बुढाही पाटावर होता. त्याच्या लेबलावर, नेमका पत्त्याच्या शेवटावर, कुंकवाचा रुपयाएवढा ठिपका बसलेला. तू दुपट्ट्याच्या टोकानं पुसायला गेलास आणि तो आणखी पसरला. मग पूजा करणारी म्हणून निर्मलाला तू जे बोललास ते मी इथे लिहीत नाही. तिनं मान खाली घातली, तू चहाचा कप तसाच ठेवून निघून गेलास. त्यानंतर सहा दसरे गेले, हा सातवा येतो आहे. ह्या सात वर्षांत मी रेकॉर्डी फक्त वाचतो. कव्हर काढतो, आकडे पाहतो, पुसतो, ठेवतो. आवाजाशी माझा काही संबंध राहिलेला नाही. मला त्याचं काही वाटत नाही.

आता गुरुवारबद्दल. आमची लेक शुभांगी शिकवते त्या कॉलेजात प्रितम नावाचा एक मास्तर आहे. तो विदर्भातल्या घराघरांत पडलेल्या जुन्या परदेशी रेकॉर्डींची यादी छापतो आहे. पोरीनं त्याला बुढ्याचा फोटो पाठवला आणि तो स्वतःच पाहायला येतो म्हणाला. त्याच्याजवळ असला दिवा आहे म्हणे की ज्यात डागाखालची छपाई दिसते. हे कळल्यापासून मी डाग काढायच्या खटपटीत आहे, कारण परक्या माणसापुढे पूजेचं कुंकू तसंच राहिलेलं बरं दिसत नाही. ओला बोळा फिरवला. भाताची शितं चोळून पाहिली. कोणी तरी दूध सांगितलं, ते फिरवलं, तर मांजर दोन दिवस कपाटासमोरून हलेना. डाग जागचा हलला नाही. मी रात्री झोपत नाही असं निर्मला म्हणते. मी झोपतो, फक्त डोळे उघडे असतात.

प्रितम जे साल लिहील ते दोघांनी मान्य करायचं. पंच तटस्थ आहे. निकाल मी ह्याच पत्राच्या शेवटी लिहीन आणि मगच पत्र पेटीत टाकीन. वहिनींना नमस्कार.

तुझा (सध्या तरी प्रतिपक्ष),
धनंजय

ता. क. गुरुवार, दुपारी दोन. प्रितम येऊन गेला. पोरगा चाळिशीचा, पण हात म्हाताऱ्यासारखा जपून चालतो. त्यानं रेकॉर्ड काठांना धरून उचलली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन केलं, खाच पाहिली, कोरलेले आकडे पाहिले आणि दर वेळी एकोणसाठ, एकोणसाठ म्हणत गेला. मग लेबलावर आला आणि तिथेच थांबला. दिवा लावला. मी खुर्चीची कड धरून बसलो होतो, निर्मला दारात चहा घेऊन उभी होती. शेवटी तो म्हणाला, "काका, माझी आई आधी हळद लावते, मग कुंकू. याच्याखाली हळद दिसून नाही राहिली." माझ्या पाठीतून घामाची धार गेली. मी म्हटलं, घाईत राहिलं असेल. त्यानं निर्मलाकडे पाहिलं, तिनं चहाकडे पाहिलं. दिव्याला कुंकवाखालचं काही दिसलं नाही. पुसू का म्हणाला, मी कागद फाटेल म्हणालो. तेव्हा त्यानं वही काढली आणि म्हणाला की तुम्ही मोजणीवाले, तुमचा शब्द प्रमाण, आणि लिहिलं १९५९. भैयाजी, तू हरलास. प्लेअर पाठवून दे.

ता. ता. क. गुरुवार, दिवेलागण. वरचा ताजा कलम खोडून टाकणार होतो, पण कागदपत्रात खाडाखोड केलेली मला खपत नाही, म्हणून तसाच ठेवतो. प्रितम गेल्यावर निर्मला समोर येऊन बसली. सात वर्षांत ती ह्यावर एक शब्द बोलली नव्हती. म्हणाली, "कुंकू मी लावलं नाई, हे मलेई मालूम हाय अन् तुमालेई. सात वर्स झाले, भाऊजी मायाशी बोलून नाई राहिले. आता मी काहून ऐकून घेऊ?" आणि उठून कुकर लावायला गेली.

तर ऐक. कुंकू मी लावलं. तू मावशीकडून यायच्या आधी पहाटे मी भिंग घेऊन अंगणात तो पत्ता वाचला. पत्त्याच्या शेवटी पाच आकडे होते, आपल्या पिनकोडसारखे. शुभांगीला फोन केला, तिनं शोधून सांगितलं की अमेरिकेत हे आकडे १९६३ च्या जुलैत सुरू झाले. एकोणसाठ गेलं. बेचाळीस रेकॉर्डी डोळ्यांपुढून आंबागडला निघालेल्या दिसल्या. पाटावर कुंकवाचा करंडा होता, अंगठा बुडवला आणि टेकवला. हळद आधी लावतात हे मला कुठून सुचणार, मी कधी पूजा केली आहे का? गेल्या आठवड्यात बोळा फिरवला तोही रेकॉर्डच्या मागच्या बाजूच्या लेबलावर. मी बत्तीस वर्षं लोकांना हद्दीचे दगड सरकवताना पकडलं, आणि घरी हे केलं. तू निर्मलाला बोललास तेव्हा मी गप्प बसलो, ह्याची मला लाज वाटते. रेकॉर्डी पेटीत भरून ठेवल्या आहेत. त्या तुझ्या आहेत. तिची माफी मी मागितली आहे, तुझी मागतो.

ता. ता. ता. क. शुक्रवार, सकाळ. आज ओला बोळा बरोबर बाजूला फिरवला. अंगठ्याची रेघन् रेघ उठून मग कुंकू निघालं, आकडे स्वच्छ आहेत. प्रितमला फोन करून यादी दुरुस्त करायला सांगितली. निर्मलाला दाखवलं, तिनं आकडे पाहिले आणि विचारलं, "मंग भाऊजी कोन्तं साल म्हनत होते?" मी म्हटलं बासष्ट. ती हसायला लागली ती थांबेचना. भैयाजी, मोजणी खात्यातल्या माणसाला सात वर्षं हे दिसलं नाही. त्रेसष्टच्या आधी ही रेकॉर्ड छापलेलीच नाही, म्हणजे तुझा इंजिनिअर आपल्या लग्नाचंच साल चुकला. त्या सकाळी मला माझं हरणं दिसलं, तुझं दिसलंच नाही. नाही तर दोघं हसून तेव्हाच चहा प्यालो असतो.

तेव्हा पैजेप्रमाणे रेकॉर्डी तुझ्या झाल्या आणि प्लेअर माझा झाला. माझी वस्तू दसऱ्याला माझ्या घरी आणून देणं तुझ्याकडे लागलं. तुझा माल घरी नेण्याआधी एकेक वाजवून, तपासून घेण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. बेचाळीस आहेत, दोन्ही बाजू धरून एका दिवसात होणार नाही. निर्मलानं सकाळीच पाहुण्यांची गादी उन्हात घातली आहे.