कापसातला पव्वा

२ डिसेंबर २००५
लिही साधना. मी सांगतो तसं लिही, मधात आपलं घालू नको. श्रावण तुहा नवरा असन, पण पयले माहा पोरगा आहे. त्याले शिव्या मीच देईन.
सून घाबरते. म्हणे, "आत्याबाई, कोणी वाचलं तं?" मले वाचता येत नाही, श्रावण वाचत नाही. मंग वाचते कोण?

३ डिसेंबर
मधली खोली कापसानं आढ्यापर्यंत भरली. खरेदी केंद्र उघडत नाही. साऱ्याइचं अंग खाजवते.
साधना काल बोलली — "कापूस घरातून गेला, का मीही दिग्रसले मायेरी जातो. पिणाऱ्यापाशी आता राहात नाही." हे लिहितानी तिचा हात थांबला. लिही म्हटलं.
सारं गाव केंद्राची वाट पाहून राह्यलं. मी एकटीच म्हणतो, बंदच राहू दे.

४ डिसेंबर
सरकी काढाले कापसात हात घातला. गार लागलं. साप म्हणून ओरडली, साधना काठी घेऊन धावली. सापच होता — श्रावणचा दारूचा पव्वा, अर्धा भरलेला.
मोरीत थोडी ओतली, माठातलं पाणी टाकलं, बूच लावून जागच्या जागी. साधना म्हणे, "आत्याबाई, ही चोरी आहे." चोरी कशी? पोराच्या बाटलीत मायनं भर घातली.

६ डिसेंबर
बाबासाहेबाले वंदन कराले विहारात गेलो. श्रावण चार शीलं खणखणीत म्हणते. पाचवं दारूचं. ते आलं का याले खोकला. मागच्या सालीही तिथंच आलता.
बेबीताई मागून म्हणे, "कांताबाई, पोराले काही औषध द्या."
"चालू आहे बाई. पाण्यातूनच देतो."

९ डिसेंबर
रोज तो घोट घेते, मी तेवढं पाणी घालतो. आता पाऊण पाणी. किती झालं हे समजाले चाखा लागते. चाखली. माहं तोंड असं झालं का साधना फसकन हसली. महिन्याभरानं हसली. लिही, हसलीस म्हणून.

१० डिसेंबर
श्रावणचे हात थरथरत होते. भाकर मोडता येईना. मी मोडून दिली. तो खाली पाहून जेवला, मी भिंतीकडे पाह्यलं.
आज एवढंच.

१३ डिसेंबर
निव्वळ पाणी!
अन् हा बाटली रिकामी करून डुलत डुलत ओट्यावर आला. गाणंही म्हटलं. दिवा द्याच्या निमित्तानं जवळ गेली, वास घेतला. सरकीचा वास. दारूचा नाही.
साधना म्हणे, "नाटक करून राह्यले काय हे?"
म्हटलं, करू दे. असा झिंगणारा माणूस कुठं भेटते?

१६ डिसेंबर
परवापासून अंगात ताप. कापसाच्या खोलीत गेलीच नाही.
शेजारचा देवराव दारातून ओरडून गेला — सोमवारी केंद्र उघडते. श्रावणनं गाडी सांगितली. साधनानं खुंटीवरची पिशवी काढली, दोन साड्या भरल्या. कायले, विचारलं तं म्हणे, "ठेवून राह्यली." लुगडं ठेवाले पेटी असते, हे मले माहीत नाही काय!
ताप आहे म्हणून भांडली नाही.

१९ डिसेंबर
कापूस गेला. श्रावण गाडीसंगं गेला. साधना पिशवी बाजूले ठेवून रिकामी खोली झाडत बसली. जाणाऱ्या बाईनं खोली कायले झाडावं?
कोपऱ्यात पव्वा निघाला. गळ्यापर्यंत भरलेला. तेरा तारखेले तं त्यानं रिकामा केलता, अन् तवापासून मी हात लावला नाही. साधनानं बूच काढलं, वास घेतला. मंग चाखलं.
पाणी.
"तुम्ही भरलं, आत्याबाई?"
"मी तापात पडली होती. तू?"
"मी कायले भरू?"
घरात तिसरं माणूस एकच आहे.
साधनानं साड्या पेटीत ठेवल्या. हे लिहाले लावू नका म्हणे. लिही म्हटलं.