लक्ष्मी खात्यातले तीन हजार

मामा, तुमची सून लिहितेय. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि परवा तुमचं श्राद्ध आहे. सगळी जमतील, वन्संही येतील. जेवणं सुरू झाली की तुमच्या फोटोसमोर उभं राहून हिशोबाचे दोन कागद वाचून दाखवायचे, असं महिनाभर ठरवून बसले आहे.

रोजमेळ लिहायला तुम्हीच शिकवलंत, ते नाकारत नाही. मी मॅट्रिकला गणितात बरी होते म्हणून लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी शहागंजातल्या आपल्या भांड्यांच्या दुकानाची रोजची जमा-नावे माझ्याकडं दिलीत. शाईचं पेनही दिलंत. संध्याकाळी मी भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून दिवसभराच्या चिठ्ठ्या वाचताय. "पोरी, आकडा मनात नको धरू, कागदावर धर." तेव्हा मला तुम्ही वडिलांसारखे वाटायचात.

मग तो दुष्काळ आला. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, सिडकोच्या नव्या घरांत तर टँकरचाच आधार. लोक ड्रम, बादल्या, घागरी उचलून नेत होते आणि आपला गल्ला कधी नव्हे एवढा भरला. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी तुम्ही रोकड मोजलीत. वहीपेक्षा तीन हजार कमी भरले, आणि वही माझ्या हातची. तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाही, वन्संकडं बघून बोललात.

"देवगावात पाणी नाय म्हणतात. माहेरची विहीर आटली म्हणून इथला गल्ला उपसायचा, व्हय?"

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, देऊन टाक की. घरातल्या घरात मिटंल."

माझी ट्रंक अंगणात आणून एकेक साडी झटकली गेली. मी देवाची शपथ घ्यायला गेले तर म्हणालात, "देवाला मधी आणू नको." त्याच दिवशी वही माझ्याकडून काढून घेतलीत. चौथ्या दिवशी देवगाव रंगारीहून माझे वडील एसटीनं आले. आईच्या पाटल्या मोडून आणलेले तीन हजार त्यांनी तुमच्यासमोर ठेवले, पाणीसुद्धा न घेता उठले. तुम्ही ते मोजून गल्ल्यात टाकलेत.

आता जीएसटीमुळं दुकानाचा हिशोब कॉम्प्युटरवर ठेवणं भाग पडलं. हिशोबनीस महिन्याला जे मागत होता ते ऐकून मी म्हणाले, मीच शिकते. रिक्षाचे पैसे वाचवत चालत क्लासला जायचे. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. सरावाला तिनं कुठल्यातरी खोट्या दुकानाचे आकडे दिले, त्यात माझं मन लागेना. म्हणून घरातल्या जुन्या वह्या काढल्या. दुष्काळाच्या वर्षाची आणि तिच्या पुढची, दोन्ही ओळीनं भरत गेले. वहीत वर्ष संपलं की फडक्यात बांधून ठेवायचं, मागं कोण बघतं? कॉम्प्युटर दोन्ही वर्षं शेजारी-शेजारी ठेवतो.

एक दिवस ती मुलगी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "काकू, हे खातं उणे दाखवतंय. लक्ष्मीबाई कोण, गिऱ्हाईक का?"

"गिऱ्हाईक नाही गं, देवी आहे."

"मग देवीनं तुम्हाला तीन हजार जास्तीचे दिलेत."



लक्ष्मीपूजनाला नव्या वहीचं पहिलं पान तुम्ही स्वतः लिहायचात, आणि तेही मागच्या वर्षीच्या पानावरून जसंच्या तसं उतरवून. एक आकडा बदलला तरी तुम्हाला अशुभ वाटायचं. लक्ष्मी खाते, नावे एकशे एक. पूजेच्या तेवढ्या नोटा लाल पिशवीत घालून वर्षभर देव्हाऱ्यात राहायच्या, त्यांना कुणी हात लावायचा नाही. त्या वर्षी गल्ला भरलेला, म्हणून पूजेच्या गडबडीत तुम्ही पिशवीत तीन हजार एकशे एक घातले असणार, सवयीनं पान तेच उतरवलंत आणि विसरलात. पुढच्या दिवाळीत पिशवी उघडली. त्या वहीत लिहिलंय, लक्ष्मी खाते, जमा तीन हजार एकशे एक. म्हणजे त्याच दिवशी कळलं होतं. पुढं सतरा वर्षं तुम्ही माझ्या हातचं जेवलात आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत. माझे वडील चोराचा बाप म्हणून गेले.

मी एकादशी चुकवत नाही, रोज देवापुढं सगळ्यांसाठी मागते. तुमचं नाव आलं की ओठ मिटतात, आणि ते उघडावेत असं मला वाटतही नाही. परवा तुमच्या नावानं वाढलेलं पान तसंच ठेवून आधी हा हिशोब वाचावा, वन्संच्या घशात घास अडकावा, एवढं एकच सुख मला हवंय.

पण वर मी एक गोष्ट लिहायची टाळली. ती जमेची ओळ तुमच्या अक्षरात नाही. ती ह्यांनी लिहिली आहे, तुमच्या मुलानं. ट्रंक उघडली तेव्हा हेच दारात उभे होते, आणि पिशवीतल्या नोटा मोजल्या त्याही ह्यांनीच. कॉम्प्युटरवर अक्षर दिसत नाही, म्हणून महिनाभर मला तुमच्यावर एकट्यावर चिडता आलं. वही मात्र वन्संही उघडतील.

हे आत्ता बाहेर पेपर वाचतायत. दोनदा चहा मागून झाला. मी ह्यांना अजून काही विचारलेलं नाही.