आईला वाऱ्यावर सोडलं

६ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,
टिचकीचा सा. न. वि. वि.

आई सुखरूप पोचली. फोन सोडून पत्र का लिहितेय, तर फोन वाजला की आई शेजारी येऊन उभी राहते आणि दोन्हीकडचं ऐकते. मग तिच्याविषयी बोलणार काय, कपाळ?

आल्या आल्या तिनं माझ्या दोन खोल्यांची तपासणी केली. आयुष्यभर इस्पितळात लोकांचे एक्स-रे काढले ना, तिच्या नजरेतून भिंतीसुद्धा सुटत नाहीत. फ्रिजमागची धूळ सापडली, माझं लपवलेलं चॉकलेट सापडलं. पण हे सगळं तिनं गुपचूप केलं, दादा. ओरडली नाही, टोमणा मारला नाही. बाबांना जाऊन वर्ष होत आलं, तरी ती घरात पाहुण्यासारखी पाऊल न वाजवता वावरते. मला तेच बघवत नाही.

आता माझं रडगाणं. तू दर वेळी विचारतोस, की सायकलीत डिझाइन करण्यासारखं असतं काय, दोन चाकं आणि एक घंटी. तर ऐक, घंटी नसते! शर्यतीत सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवेला बाजूला सारण्यात खर्च होते. म्हणून मी वर्षभर सांगाड्याच्या नळ्या घासतेय. गोल नळी हवेला आवडत नाही, तिच्यामागे हवा भोवरे करत बसते. म्हणून माझ्या नळ्या पाण्याच्या थेंबासारख्या, मागून शेपूट छाटलेल्या. नटबोल्टसुद्धा सगळे पोटात लपवले. मागचं चाक थाळीसारखं भरीव. सायकल अशी झालीय की हवेला वाटावं, इथून कुणी गेलंच नाही.

पण हवा खरी अडते ती वर बसलेल्या माणसाला. आमची खेळाडू, जिला आम्ही वीजबाई म्हणतो, ती आमच्याच जिन्यात पाय घसरून पडली आणि मनगट प्लास्टरमध्ये. वाऱ्याचा बोगदा मात्र याच महिन्यात आम्हाला मिळालाय. म्हणजे एका टोकाला दारापेक्षा मोठा पंखा असलेली लांबलचक खोली, त्यात सायकल एका पाटावर बसवायची, आणि हवा किती मागे ढकलते ते पाट सांगतो. पुतळा ठेवावा तर पुतळे सगळे सहाफुटी पुरुष. वीजबाई दिसायला चिमणीएवढी. तिच्या मापाचं माणूस कुठून पैदा करू? मे महिन्यात तिची मोठी शर्यत, आणि माझी सायकल अजून अर्धवट.

आई रोज माझा डबा घेऊन कारखान्यात येते आणि मालकांना नमस्कार करून जाते. बरं चाललंय.

वहिनीला नमस्कार. तुझ्या टिचकीवरचा लोभ हवेत विरू देऊ नकोस.

तुझी,
टिचकी

१५ फेब्रुवारी

चि. टिचकीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी सायकल दिसेनाशी होवो ही सदिच्छा, म्हणजे निदान चोरीला जाणार नाही.

आता आईविषयी, आणि हे नीट वाच. तिची मान धरते. तिला वारा अजिबात लागू देऊ नकोस. खिडकीसमोर बसवू नकोस. बाहेर पडताना कानाला रुमाल बांधायला सांग. तुझ्या त्या कारखान्यात म्हणे पंखेच पंखे असतात, तिथे तिला दारातूनच परत पाठवत जा. जड उचलू देऊ नकोस, वाकू देऊ नकोस. वहिनी म्हणते, की आईंना काचेच्या कपाटात ठेवायचं उरलंय तेवढं. तिला काय जातंय थट्टा करायला! मी लिफ्टचे दोर तपासतो, मला ठाऊक आहे गोष्टी कशा झिजतात.

आमच्याकडे मागची खोली तिच्यासाठी रंगवून घेतलीय. महिनाअखेर मी येतो आणि तिला घेऊन जातो. त्या खोलीत ऊन येतं, आरामखुर्ची आहे, बसून राहायचं नुसतं.

तू वेळेवर जेवत जा. तुझ्यावरचा जीव आहे तिथेच आहे, वारा कितीही सुटला तरी.

दादा

२४ फेब्रुवारी

चि. दादोबास,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र टिचकीनं मला वाचून दाखवलं. मधला थोडा भाग तिनं गाळला असावा, कारण तिचा चेहरा एकदम लाल झाला आणि तिला ठसका लागला.

माझी काळजी करू नकोस. तू म्हणतोस तसंच चाललंय, मी दिवसभर बसून असते. हलायचंसुद्धा नाही, असा इथे नियमच आहे. वारं छान लागतं. माणसं चांगली आहेत, दर थोड्या वेळानं येऊन बरं आहे ना विचारतात आणि चहा देतात. मालक फार मोठ्यानं बोलतात, पण मनानं स्वच्छ. भूक चांगली लागते, झोपही लागते.

महिनाअखेर येऊ नकोस. मला थोडं काम आहे.

सूनबाईला म्हणावं, काचेच्या कपाटाचं ऐकून पुष्कळ हसले. (तो भाग गाळला नव्हता.) दोघांनी सुखात राहावं आणि एकमेकांशी भांडून झालं की मला कळवावं.

आई

११ मार्च

तीर्थस्वरूप दादास,
टिचकीचा सा. न. वि. वि., आणि हा नमस्कार या वेळी खरोखर साष्टांग.

आधी खुर्चीत बस. बसलास? पुढे वाच.

आई बोगद्यात बसते. सायकलवर. वीजबाईचे कपडे घालून. तिच्या मापाचं माणूस मी शहरभर शोधत होते आणि ते रोज माझ्यासमोर डबा उघडून ठेवत होतं. मालकांनीच प्रथम पाहिलं. आई वाकून बुटाची नाडी बांधत होती आणि ते जिन्यातून ओरडले, की बाई, तशाच राहा! आई तशीच राहिली. दादा, तिच्यासारखं स्थिर कुणी बसूच शकत नाही. जन्मभर दुसऱ्यांना हलू नका म्हणून सांगितलंय, आता स्वतःवर हुकूम चालवते. मी मान वर करायला सांगितलं तर आधी विचारते, किती वर.

आणि आता खरी गंमत. वीजबाईसाठी मी हात अगदी खाली ठेवले होते, कारण सगळे तेच करतात. खाली वाकावं तेवढं हवेला कमी दिसावं, असा हिशेब. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, की मान दुखते, उद्यापासून येणार नाही. तिला आराम पडावा म्हणून मी कोपराखालच्या उशा वर उचलल्या आणि हात थेट हनुवटीसमोर आणले. देवाला हात जोडावेत तशी बसली. मी मनात म्हटलं, आता पाटावरचा आकडा वाढणार, वाढू दे, आई तरी राहील.

आकडा खाली आला! आधी वाटलं यंत्र बिघडलं. यंत्र तपासलं, पुन्हा पंखा लावला, पुन्हा खाली. मग मी धूर सोडून पाहिला. आधी धूर तिच्या छातीवर आदळून गटांगळ्या खात होता. आता हातांवरून, हेल्मेटवरून, पाठीवरून अलगद निसटून चालला होता, लोण्यातून सुरी जावी तसा. मालक नाचायला लागले. खरंच नाचले, चहाचा कप हातात होता, तो माझ्या आराखड्यावर सांडला. आई पाटावरून हललीसुद्धा नाही, फक्त विचारलं, की आता श्वास सोडू का?

एवढंच असतं तर मी मान खाली घालून माफी मागितली असती. पण वीजबाईनं प्लास्टर बांधल्या हातानं तिला गोल लाकडी ट्रॅकवर नेलं. लग्नाआधी आई सायकलनंच इस्पितळात जायची हे तुला ठाऊक होतं? मला नव्हतं. आता ती रोज सकाळी ट्रॅकवर असते. कालच एका मांजराएवढ्या आवाजात मला म्हणाली, की साठीच्या वरच्या बायकांची शर्यत असते म्हणे, मेमध्ये. ती शर्यत तुझ्या गावातल्या ट्रॅकवर आहे. आईबरोबर तशीच दुसरी सायकल पाठवते, पण त्याच दिवशी वीजबाईची शर्यत देशाच्या दुसऱ्या टोकाला, मला तिकडे जावंच लागणार.

तेव्हा दादा, आईला स्टार्टवर तू उभं करायचंयस.

पळून जाऊ नकोस. लोभ कमी कर हवा तर, पण बंद करू नकोस.

तुझीच अपराधी,
टिचकी

१८ मार्च

टिचके,

आशीर्वाद नंतर.

वारा लागू देऊ नकोस म्हणून मी लिहिलं होतं. तू तिला पंख्यासमोर बांधलंस! लोक आईला वाऱ्यावर सोडतात असं ऐकलं होतं, ते इतक्या शब्दशः करणारी तूच पहिली. तिचं हाड मोडलं तर तिचाच एक्स-रे काढायला कुणाला बोलवायचं?

मी तिला शर्यतीला नेणार नाही. नाव मागे घे. वहिनी दार लावून हसतेय, तिच्याशीही मी बोलत नाही.

दादा

(आशीर्वाद आहेत. पण रागावून.)

२५ मार्च

चि. दादोबास,
अनेक आशीर्वाद. हे पत्र टिचकीला दाखवलेलं नाही.

तिच्यावर रागावू नकोस. तिनं मला बसवलं नाही, मी बसले.

तुला एक सांगते. तुझे बाबा गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. तूसुद्धा. दार हळू लावायचं, हसू आलं तर माझ्याकडे बघून गिळायचं. मग मीही हळू चालायला लागले. वाटलं, आता असंच असतं. त्या बोगद्यात पंखा इतका घोंघावतो, की माझ्याशी बोलायचं तर ओरडावंच लागतं. पहिल्या दिवशी टिचकी माझ्यावर खेकसली, आई, हनुवटी खाली! आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. वर्षानंतर कुणीतरी माझ्यावर ओरडलं.

तू चालायला शिकत होतास तेव्हा तुला धरू नका असं मीच बाबांना सांगितलं होतं. ते फार घाबरट होते रे. तू त्यांच्यावर गेलास, यात तुझा दोष नाही.

मला कुणी धरायला नको आहे. सुरुवातीला फक्त सायकल धरावी लागते, ती शिट्टी होईपर्यंत. तेवढं तू करावंस असं वाटतं. नाही जमलं तर सूनबाईला विचारीन, तिचे हात घट्ट आहेत.

तुमचं सगळं चांगलं होवो. जेवणात मीठ कमी खा.

आई

१९ मे

चि. टिचकीस,
अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन आला त्यात मागच्या आरडाओरड्यामुळे मला एकच शब्द ऐकू आला, जिंकली. पुरे आहे तेवढा. वीजबाईला शाबासकी. वहिनीनं तो शब्द ऐकून जिन्यातून धावत जाऊन खालच्या मजल्यावरच्यांना सांगितलं, त्यांना बिचाऱ्यांना सायकल म्हणजे भाजी आणायचं साधन एवढंच ठाऊक.

आता इकडचं ऐक. मी सकाळपासून उपाशी. आईनं दोन उकडलेली अंडी खाल्ली आणि मला म्हणाली, की तू काहीतरी खा, पांढरा पडलायस. तिच्या विरुद्ध होत्या एक निवृत्त दातांच्या डॉक्टर, वर्षानुवर्षं शर्यती करणाऱ्या. दोघी ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंना. आठ फेऱ्या. मी खोगीर धरून उभा. शिट्टी झाली आणि मी सोडलंच नाही! बोटं उघडेनात. आईनं मागे न बघता ओरडून सांगितलं, की दादोबा, सोड! सोडली.

टिचके, काय गेली ती! पहिली फेरी जरा डगमगली, मग हात हनुवटीशी आले, डोकं खांद्यांत बसलं आणि आवाजच बंद झाला. म्हणजे सायकलीचा. फक्त चाकाची घूं. समोरून यायची, दिसायची, गेलेली असायची. मी आयुष्यात पहिल्यांदा तुझं काम पाहिलं. त्यात बघण्यासारखं काही नाही हेच बघण्यासारखं होतं, हे मला काल कळलं. तुला दोन चाकं आणि घंटी म्हणून चिडवत आलो, ते सगळं मागे घेतो. या पत्राची प्रत ठेव.

दातांच्या बाई जिंकल्या. अगदी थोडक्यात, नाकभर म्हण. घंटा झाली, झेंडा पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई हळूहळू खाली उतरल्या. आणि आई? आई पुढची फेरी मारायला निघून गेली.

शेजारच्या माणसानं मला सांगितलं, की या सायकलींना ब्रेक नसतात. ब्रेक नसतात! आणि हे तू मला कधी सांगणार होतीस? मला वाटलं, तिला थांबता येत नाहीये. कठडा ओलांडून मी आत पळालो. एका पंचानं माझा सदरा धरला. मी जागच्या जागी धावतोय आणि आई समोरून गेली, म्हणाली, बाजूला हो. पुन्हा आली, म्हणाली, तुझा सदरा फाटेल. त्या दातांच्या बाईंनी हे पाहिलं आणि त्याही पुन्हा वर चढल्या. मग दोघी शेजारी शेजारी, बाजारातून परत येणाऱ्या मैत्रिणींसारख्या गप्पा मारत फिरायला लागल्या. पंच शिट्ट्या वाजवतायत, पुढच्या शर्यतीच्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या आणि हसतायत, वहिनी कठड्यावर चढलेली. सगळं मैदान टाळ्यांचा ठेका धरून अजून एक, अजून एक म्हणत होतं.

मी पंचाच्या हातातून सुटलो, ट्रॅकच्या अगदी काठावर गेलो. आई वळणावरून खाली येत होती, आणि ती हसत होती. मोठ्यानं, तोंड उघडून, बाबा असताना हसायची तशी. थांब म्हणून ओरडायला मी छातीत श्वास भरला. आणि टिचके, तोंडातून निघालं, अजून एक!

आणखी चार मारल्या तिनं.

तुझ्यावरचा लोभ कालपासून इतका वाढलाय की पत्रात मावत नाही. उरलेला आईबरोबर पाठवतो. ती सोमवारी तुझ्याकडे येतेय, तिला सराव आहे.

तुझा,
दादा