मासळीच्या खणातली क्रांती

२ मार्च
आज बर्फाविरुद्ध युद्ध पुकारलं. नावेच्या खणात बर्फ भरायचा, त्यावर मेलेली मासळी रचायची, आणि त्या शवागाराला धंदा म्हणायचं! बास झालं. त्या खणाची टाकी करणार. पंपाने समुद्राचं ताजं पाणी आत, जादा पाणी बाहेर, मासे जिवंत. बंदरावरच्या हॉटेलवाल्याला जिवंतच हवेत. मेहुण्याला सांगितलं. त्याने जांभई दिली. प्रत्येक क्रांतीच्या वेळी कुणीतरी जांभई दिलेलीच असते.

३ मार्च
नाव सासऱ्यांची. ते गेल्यावर अर्धी बायकोची, अर्धी तिच्या भावाची. सुकाणू माझ्याकडे, कारण मी वयाने मोठा आणि आवाजानेही. मेहुण्याचा त्यावर डोळा आहे. आज बायकोने निकाल दिला. एकवीस तारखेला हॉटेलात मोठी पार्टी आहे. मासे जिवंत पोचले तर सुकाणू कायमचं तुमचं. नाही पोचले तर माझा भाऊ धरेल, आणि तुम्ही किनाऱ्यावर बसून बर्फ फोडायचा.
मी म्हणालो, मंजूर.
ती म्हणाली, अहो, पूर्ण ऐकून तरी घ्या.
पूर्ण ऐकण्याची सवय वक्त्याला घातक.

६ मार्च
वितळलेल्या बर्फाचं पाणी जायचं तळातलं भोक कायमचं बुजवलं. झाकणाला रबर लावलं. माझी दोन बोटं एकमेकांना चिकटली. लढ्यात इतरांचं रक्त सांडतं, माझा डिंक सांडला. मेहुणा हसला. लक्षात ठेवलं आहे.

९ मार्च
पंपाला पाणी ओढण्यासाठी नावेच्या कुशीत भोक पाडायचं होतं. मेहुणा म्हणाला, दाजी, डाव्या अंगाला पाडा. मी तत्काळ उजव्या अंगाला पाडलं. त्याने पुन्हा तोंड उघडलं. मी म्हणालो, चर्चा संपली. तो म्हणाला, दाजी, सुरू कधी झाली होती?
बहिणीच्या लाडाने शेफारलेला आहे.

१२ मार्च
चाचणी. नाव धक्क्याला बांधलेली, इंजिन बंद, पंप चालू. काही मासे सोडले. दिवसभर पोहले! मी फळीवर चढून मासे, माणूस आणि मुक्ती यांवर बोललो. धक्क्यावर जाळं सांधत बसलेला म्हातारा म्हणाला, जरा हळू बोला, मासे दचकतात. त्यालाही लक्षात ठेवलं आहे.
पाण्याच्या वजनाने नाव उजवीकडे झुकली. मेहुणा म्हणाला, दाजी, कलतेय. मी म्हणालो, नमस्कार करतेय. मग म्हणे, एकदा इंजिन चालू करून बघू या. साफ नकार दिला. इंजिनाच्या आवाजात भाषण ऐकू येत नाही.

१५ मार्च
संकल्प: मेहुण्याशी बोलणं बंद.
जेवताना मोडला. मीठ त्याच्याकडे होतं.

२१ मार्च, सकाळ
इतिहासाचा दिवस! जाळ्यात भरपूर मासे, एकेक पैलवानासारखा. सगळे टाकीत. इंजिन पूर्ण जोरात. सुकाणूवर मी.

दुपार
मेहुणा म्हणाला, दाजी, झाकण कोमट लागतंय, उघडून बघू का? मी म्हणालो, हात लावशील तर याद राख. आत जीव आहेत, जिवंत वस्तू गरम असतेच. त्याने कपाळाला हात लावला. पटलं असावं.

संध्याकाळ
हॉटेलवाल्यासमोर मी स्वतः झाकण उघडलं. आधी चार शब्द बोललो होतो, ते बोलायला नको होते. डिझेलचा भपकारा. मासे पोट वर करून, डोळे पांढरे. इंजिन थंड करून तापलेलं पाणी उजव्या अंगानेच बाहेर पडतं. माझ्या पंपाच्या तोंडाशेजारी. दिवसभर तेच आत येत होतं.
हॉटेलवाला म्हणाला, काका, जिवंत आणायला सांगितले होते. शिजवायला माझ्याकडे माणसं आहेत.
मेहुणा काही म्हणाला नाही. हा त्याचा सर्वांत नीच वार.

२२ मार्च
मूळ दोष माशांचा. परिस्थितीशी झगडण्याची वृत्तीच नाही. शिवाय डावं अंग सुचवणाऱ्याने मला उजवीकडे ढकललं, हे उघड आहे. सुकाणू आज दिलं. दिलं म्हणजे, मी टाकी धुवायला गेलो तेव्हा बायकोने भावाच्या हाती ठेवलं. मेहुण्याने उजवं भोक बुजवून डावीकडे पाडलं. चोर! कल्पना माझी, फक्त बाजू त्याची.

२९ मार्च
इतर मासळी अजून बर्फातच जाते. म्हणून बर्फ फोडला.
दुपारी मेहुण्याने नाव धक्क्याला लावली. माझ्या टाकीतले मासे उड्या मारत टोपल्यांत उतरले. एकाने हॉटेलवाल्याच्या थोबाडीत शेपटी मारली, तरी तो खूश. धक्क्यावर गर्दी जमली. मेहुणा म्हणाला, टाकी आमच्या दाजींची, दाजी, दोन शब्द बोला.
सगळे गप्प झाले. जाळंवाला म्हातारासुद्धा. इतकी शांत सभा मला आयुष्यात मिळाली नव्हती. उभा राहिलो. घसा साफ केला.
बायको म्हणाली, अहो, बर्फ वितळतोय.
बसलो.