सरपण उरलेच तर

मी, ओर्फेलिना कार्कामो ओयार्सो, वय चौऱ्याहत्तर, विधवा, पाव भाजून विकणारी, राहणार कोयायके, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. पोटात गाठ आहे. ती डोक्यापर्यंत गेलेली नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. तो कागद सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले, आणि डॉक्टर बोलताना ज्या तऱ्हेने खिडकीबाहेर पाहत होते त्यावरून, शेवटचे.

माझ्यामागे दोन माणसे राहतील. मुलगा नेल्सन, पुएर्तो मोंतला मासळीच्या कारखान्यात हिशेबनीस. आणि थोरली बहीण नोल्फा, वय एक्क्याऐंशी, लग्न केलेले नाही, जन्मभर माझ्याजवळ. नेल्सन आपले बघेल. नोल्फाला थंडी वाजू नये म्हणून हे मृत्युपत्र आहे. सरपण महाग आहे, आणि असले तरी ती ते जाळत नाही, वाचवते. मी आहे तोवर मी चूल पेटवते. पुढे कोण, एवढाच प्रश्न आहे.

कलम पहिले. घर.

लाकडी घर, पत्र्याचे छप्पर, मागचे अंगण आणि त्यातली शेड. कायद्याने माझ्या चीजवस्तूंचे तीन भाग मुलाचे, चौथा भाग माझ्या मर्जीचा. नोटरीसाहेबांनी हे मला दोनदा समजावले, कारण पहिल्या वेळी मी विचारले, चौथा भाग म्हणजे कुठली खोली. घर नेल्सनचे. माझ्या मर्जीच्या भागातून नोल्फाला ती मरेपर्यंत तिथे राहण्याचा हक्क. तोवर घर विकू नये, भाड्याने देऊ नये, तिचा पलंग स्वयंपाकघराच्या भिंतीपासून हलवू नये. ती भिंत उबदार असते.

राहण्याच्या हक्कात सरपण येते का, हेही मी विचारले. साहेब म्हणाले, छप्पर येते, भिंती येतात, दार येते. सरपण ज्याचे त्याने बघायचे. म्हणजे जुलै महिन्यात, आमच्या ऐन हिवाळ्यात, माझ्या बहिणीला घरात बसून गारठण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. म्हणून पुढची कलमे.

कलम दुसरे. चूल.

बिडाची चूल, दोन झाकणांची, बाजूला पाव भाजायची भट्टी. ही नोल्फाची. घराचा भाग समजू नये. वेगळी लिहिण्याचे कारण असे.

आमचे वडील सिम्प्सन नदीच्या खोऱ्यात वारले तेव्हा त्यांनी एका कागदावर लिहून ठेवले होते : शेत आणि जनावरे मुलाला, ओगार मुलींना. आमच्या बोलीत ओगार म्हणजे घरही आणि चूलही. वडिलांच्या मनात घर होते, हे खोऱ्यातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होते. आमचा भाऊ आबेलिनो म्हणाला, "घर द्यायचं असतं तर बाबांनी घर लिहिलं असतं. ओगार म्हणजे चूल. घेऊन जा."

नोल्फा त्याला म्हणाली, "बरं."

तिने चूल विझवली, राख काढली, धुरांड्याचे नळकांडे छपरातून खाली ओढले आणि बैलगाडी मागवली. आम्ही दोघी चुलीसकट या गावात आलो. भावाला घर मिळाले आणि घराच्या छपराला थाळीएवढे भोक. मे महिन्यात तो चूल विकत मागायला आला. नोल्फाने त्याला येर्बाचा कडू चहा पाजला, चुलीपाशी बसवले, हात शेकू दिले आणि चूल विकायची नाही असे सांगितले. त्यानंतर आम्ही त्याला पाहिलेले नाही. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार उरलेली नाही. शब्दांबद्दल आहे. म्हणून या कागदात जिथे घर लिहिले आहे तिथे घर समजावे आणि जिथे चूल लिहिले आहे तिथे चूल.

कलम तिसरे. बँकेतले पैसे.

बँकेत पैसे नाहीत.

नेल्सन हे वाचून दचकेल, म्हणून खुलासा करते. मी मेल्यावर खाते बंद होते. वारसांचे कागद पूर्ण होईपर्यंत उघडत नाही. त्याला किती दिवस लागतात, असे मी खिडकीवरच्या मुलीला विचारले. ती म्हणाली, "आजी, कधी तीन महिने, कधी हिवाळाभर." ती सहज म्हणाली. मला त्या रात्री झोप आली नाही. जानेवारीत, उन्हाळ्यात, लाकूड मीटरला, म्हणजे घनमीटरला, चाळीस हजार पेसो असते, जुलैत साठ होते, आणि जुलैतले ओले असते. नोल्फाच्या पेन्शनीतून वर्षाचे सरपण घ्यायचे तर तिने वर्षातले सहा महिने जेवायचे नाही. म्हणून पाव विकून साठवलेले सगळे पैसे काढून मी लेंगा झाडाचे लाकूड घेतले. अंगणात कुंपणाच्या कडेने रचले आहे. बाजूच्या दोन खिडक्या झाकल्या गेल्या, त्याला इलाज नाही. लाकडाला बँक कुलूप लावू शकत नाही.

नेल्सनने रजा काढून येऊन ते ढीग पाहिले. म्हणाला, "आई, अगं, हे घर आहे की वखार?" मी म्हटले, दोन्ही.

हे सर्व सरपण, मर्जीच्या भागातून, नोल्फाला, तिच्या हयातीत जाळण्यासाठी. विकण्यासाठी नाही. कुणाला देण्यासाठी नाही. बघण्यासाठी तर मुळीच नाही.

कलम चौथे. कुठले आधी जाळायचे.

शेडमधले आधी. ते दोन उन्हाळे वाळलेले आहे, टोकांना भेगा आहेत. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणटण वाजतात. कुंपणाकडचे या हिवाळ्यात कोणीही हात लावू नये. ते अजून मुके आहे. शेड संपली असे वाटले तर मागच्या रांगेत पाहावे, तिथे आणखी आहे. मी मुद्दाम मागे ठेवले आहे, कारण समोर जास्त दिसले की नोल्फाला हायसे वाटते आणि ती लगेच वाचवू लागते, आणि समोर कमी दिसले की घाबरून वाचवू लागते. किती दिसू द्यावे हे मला अजून नीट जमलेले नाही.

साल वरच्या बाजूला ठेवावी. पत्र्यावर दगड ठेवावेत, वारा पत्रा उचलतो. धुरांडे मार्चअखेर झाडून घ्यावे. शेजारचे बाल्दोविनो चिगुआय झाडून देतात. त्यांना कुऱ्हाड आणि पाचर द्यायची माझ्या मनात होती. पण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असे साहेब म्हणतात. मी बाल्दोविनोंना विचारले, काय पाहिजे, कुऱ्हाड की सही. ते म्हणाले, "सही करतो. कुऱ्हाड काय, मी तशीही कधी परत करत नाही." तरी कुऱ्हाड नेल्सनची. ती बाल्दोविनोंच्या शेडमध्ये आहे.

कलम पाचवे. गेला हिवाळा.

हे नेल्सनला दोष देण्यासाठी नाही. मी ऑपरेशनसाठी त्याच्याकडे होते. नोल्फा इथे एकटी होती. त्याने फोनवरून दहा मीटर लाकूड मागवले, स्वस्त मिळाले म्हणून आनंदात होता. आपल्याकडे मीटर दोन तऱ्हेचा असतो, एक रचलेला आणि एक ओतलेला, ज्यात फटींतली हवाही मोजतात. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मीही नाही, कारण हे सांगावे लागते असे मला कधी वाटले नाही. ट्रकवाल्याने फाटकापुढे ओतून दिले. रचल्यावर ते सात मीटरही भरले नाही. फोडले तर आत पाणी. नोल्फाच्या शब्दांत, ते जळत नव्हते, शिजत होते. धुराने तिची छाती भरली. मग तिने चूलच बंद केली आणि घोंगडी घेऊन बसली. शेडमध्ये जुने सुके लाकूड होते. ते तिने जपले.

बाल्दोविनोंनी तिला दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारले, घरात सरपण नव्हते का?

नोल्फा म्हणाली, "आहे की. भरपूर आहे."

नेल्सन मला घेऊन धावत आला. ते सगळे ओले लाकूड त्याने एकट्याने रचले, बोटांत कुसळे घेऊन. ते मी पाहिले आहे. तेव्हापासून तो म्हणतो की मावशीला पुएर्तो मोंतला नेतो. परवाही म्हणाला, "मावशी, तिकडे बटण दाबलं की खोली गरम होते. लाकूड नको, राख नको."

"आणि पाव कुठे भाजू रे, बटणावर? बटणाभोवती बसून कोणी बोलतं का?"

"मग हीटरभोवती बस."

"हीटर काय, तुझ्यासारखाच. गरम होतो, बोलत काही नाही."

तो हसला, पण बाहेर जाऊन बराच वेळ उभा राहिला. नोल्फाला जायचे असेल तर तिने जावे. लाकडासाठी म्हणून थांबू नये. पण तिला नेऊ नये. जाणे आणि नेणे यांतला फरक नेल्सनला कळतो. नोटरीसाहेबांनी हे वाक्य खोडायला सांगितले, याला कायद्यात अर्थ नाही म्हणून. मी ते ठेवले आहे.

दरवर्षी जानेवारीत नेल्सनने यावे, लाकूड रचलेल्या मीटरने घ्यावे, उतरताना स्वतः उभे राहावे. हीही सक्ती करता येत नाही. इच्छा म्हणून लिहिता येते. इच्छा म्हणून लिहिते.

कलम सहावे. किरकोळ.

पराती आणि पावाचे साचे, ज्याला पाव करायचा असेल त्याला. नेल्सनच्या वडिलांचे घड्याळ नेल्सनला, चालत नाही. माझा लोकरीचा कोट नोल्फाला, मात्र घरात घालण्यासाठी नाही. घरात कोट घालावा लागला तर चूल पेटवावी.

माझ्या अंत्यविधीला फुले आणू नयेत. लोक दोन दिवस घरात बसतील, चूल पेटती राहील, आणि प्रत्येक जण येता-जाता तिच्यात एक लाकूड सारेल, ते आमचेच. म्हणून प्रत्येकाने बगलेत मावेल एवढे सरपण आणावे. सुके आणावे. ओले आणले तर मी काही बोलू शकणार नाही, याचा कोणी फायदा घेऊ नये.

कलम सातवे. नोल्फाची सवय.

हे लिहिणे मला जड जाते. ती कंजूष नाही. ती आपल्या ताटातला पाव देते. पण लाकूड चुलीत घालताना तिचा हात थांबतो. मी बाजारातून परत येताना कोपऱ्यावरून आधी आमच्या धुरांड्याकडे बघते. धूर नसतो. मी फाटकाशी पोचते तेव्हा एक बारीक रेघ वर निघते. आत जाऊन चुलीवर हात ठेवला की बीड गार. ती म्हणते, "मधेच विझली बघ, आत्ता परत पेटवली." मी म्हणते, हो का. असे आमचे कित्येक हिवाळे चालले आहे. मी फाटकाशी पोचणार नाही तेव्हा ती रेघ कशासाठी निघेल?

तिला रागावून पाहिले. हिशेब करून दाखवला, की तीन हिवाळ्यांचे आहे, तीन हिवाळ्यांत जाळ. ती म्हणाली, "चार पुरवते." मी म्हटले, ताई, चौथ्याला तू असशील कशावरून? ती म्हणाली, "सरपण असेल ना."

तेव्हा मला कळले की हिने लाकूड जपत मरायचे ठरवलेले आहे, आणि तिला अडवायला कायद्यात कलम नाही. म्हणून मी एक केले.

कलम आठवे. उरलेले.

नोल्फाच्या मृत्यूनंतर अंगणात, शेडमध्ये किंवा घरात जे काही सरपण उरेल, ओंडका, फोड, ढलपी किंवा साल, ते सर्व कुंपणापलीकडे राहणाऱ्या एदेल्मिरा बेरा यांना द्यावे.

नोटरीसाहेबांनी विचारले, या बाई तुमच्या नात्यातल्या का? मी सांगितले, शेजारीण. एका वर्षी चर्चच्या जत्रेत त्यांनी नोल्फाचा रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा चाखला आणि चारचौघांत म्हणाल्या, "साखर महाग झाली वाटतं." तेव्हापासून नोल्फा त्यांच्याशी बोलत नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, बेकायदेशीर काही नाही.

हे कलम एदेल्मिराबाईंना आजच कळवावे, मी जायची वाट पाहू नये. त्या रोज सकाळी कुंपणावरून आमच्या अंगणात बघतातच. आता आपले म्हणून बघतील.

आज दुपारी मी हा कागद नोल्फाला वाचून दाखवला. पहिली सात कलमे तिने मान हलवून ऐकली. आठवे मला दोनदा वाचायला लावले.

"एदेल्मिराला?"

"हो."

"सगळं उरलेलं?"

"उरलंच तर."

तिने चुलीकडे पाहिले. मग म्हणाली, "त्या बयेला ढलपीसुद्धा मिळायची नाही." उठली, झाकण सरकवले आणि दोन लाकडे घातली. एकदम दोन. थोड्या वेळाने तिसरे घातले. इतके गरम झाले की मला रस्त्याकडची खिडकी उघडावी लागली. खिडकीपाशी बसून हे शेवटचे लिहिले.

वरील मजकूर नोटरीसाहेबांनी तीन साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. ऐकताना मला तो परका वाटला नाही. कुठे शब्द कमी पडला असेल तर नोल्फाला ऊब मिळेल असा अर्थ घ्यावा.

साक्षीदार :
बाल्दोविनो चिगुआय मान्सिया, ट्रकचालक, निवृत्त (सही)
नोएमी सोतो पारेदेस, शाळाशिक्षिका (सही)
इर्मा आल्वारादो, किराणा दुकान (सही)

ओर्फेलिना कार्कामो ओयार्सो (सही)

कोयायके, १९ मार्च २०१८