ध्रुवाखालचा तुटलेला तुकडा

म्हसावद, ७ जून १९६४

निबंध गेला एकदाचा! डिसेंबरात दिल्लीला भूशास्त्राची परिषद आहे. टपाल हेच घेऊन गेले. पत्ता यांच्या शहाद्याच्या सोसायटीच्या कचेरीचा दिलाय — पत्र लवकर मिळतं म्हणाले.

उत्तर ध्रुवाच्या बर्फाखाली समुद्रात एक डोंगररांग बुडालेली आहे. रशियनांनी खोली मोजून शोधली. बरेच म्हणतात, ती समुद्रतळातूनच उचलली गेली. मी म्हणते — नाही! ती खंडाचा तुटलेला तुकडा आहे. ट्रेसिंग पेपरवर सरकवली की युरोप-आशियाच्या उथळ समुद्राच्या कडेला नीट बसते. आणि मधल्या खोल भागात भूकंपांची रांग. म्हणजे तिथे अजून फाटतंच आहे!

१९ जून

जेवताना सासऱ्यांनी विचारलं, "पानीखाल डोंगर? त्याना सातबारा कोन्हा नावे शे?" सगळे हसले. मग तेच म्हणाले, "तापी काठ तोडस, तसं का?" तसंच, बापा. पुण्यात एम.एस्सी.च्या वर्गात कुणाला इतक्या लवकर समजलं नव्हतं.

१२ ऑगस्ट

उत्तर नाही. हे रोज रिकाम्या हातांनी येतात. "बाईमानूसले कोन बलावस?" म्हणाले. मायेने म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

३ सप्टेंबर

नाही.

२२ ऑक्टोबर

पुण्याहून वर्गमैत्रीण कुमुदने परिषदेतल्या निबंधांची छापील यादी पाठवली. माझं नाव नाही. मी चुकले? की कुणी वाचलंच नाही? देवस्थळी सर निवड करणाऱ्यांत होते — मला शिकवलेले! त्यांना खरमरीत पत्र लिहिलं. नाकारलंत तर कळवायचं तरी! या वेळी पत्ता घरचा.

२५ ऑक्टोबर

दुपारी सगळे नकाशे चुलीत घातले. तीन वर्षांचे. ट्रेसिंग पेपर किती पटकन जळतो! सासूबाई ओरडत धावल्या. हे दारात उभे. वाटलं, यांनाही वाईट वाटतंय.

९ नोव्हेंबर

सरांचं उत्तर आलं. निबंध जुलैतच स्वीकारला होता! सोबत त्यांना ऑगस्टात गेलेलं पत्र — 'पत्नीची प्रकृती बरी नसल्याने निबंध मागे घेत आहोत.' अक्षर ओळखीचं.

संध्याकाळी सगळ्यांसमोर ते मोठ्याने वाचलं. खालच्या सहीसकट. लग्नानंतर पहिल्यांदा यांचं नाव घेतलं — चुनीलाल!